बदली वीजकेंद्र आणि त्याचा न दिसणारा धूर



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून विद्वानांनी व्यासपीठावरून बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोर सतरंजीवर बसून ऐकावे अशीच वहिवाट आहे. आज चालकांनी ती मोडली. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या गेटवर फार झाले. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिव्याखाली, उद्याच्या वाटाघाटीत मालकाचा इंजिनियर काय बोलेल याच्या धास्तीने वाचले. तेव्हा शास्त्राच्या बारकाव्यात कोठे चुकलो तर सभेतील जाणत्यांनी आम्हांस सावरून घ्यावे.

विषय आहे गॅसवर चालणाऱ्या लहान वीजकेंद्राचा. तेही रोज अष्टौप्रहर चालणाऱ्या नव्हे, मागणी वाढली की दोनचार तास चालून पुन्हा बंद होणाऱ्या केंद्राचा. कोणी म्हणेल, मोहन्यात असले केंद्र नाही, मग ही उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. पण २०२५ साली आपल्या मोहन्यात सिमेंट दळण्याचा कारखाना काढण्याच्या प्रस्तावावर जनसुनावणी झाली. तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात आले असेल की, कागदावरचे आकडे वाचता आले नाहीत तर माणसाने एकतर ओरडावे नाहीतर गप्प बसावे, तिसरा मार्ग उरत नाही. एन.आर.सी. २००९ साली बंद पडली. तिच्या जमिनीकडे आणि तिच्यासारख्या बंद कारखान्यांच्या जमिनींकडे उद्या कोण काय घेऊन येईल ते सांगता येत नाही. आणि जे येईल ते ‘स्वच्छ’ म्हणूनच येईल. गॅसचे केंद्र तर हमखास. म्हणून स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ, कोणत्या वेळी स्वच्छ आणि कोणासाठी स्वच्छ, हे तीन प्रश्न विचारायला शिकावे एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम विजेचा स्वभाव पाहू. धान्य कोठारात भरता येते, पाणी टाकीत साठवता येते. वीज मात्र ज्या क्षणी लागते त्याच क्षणी निर्माण करावी लागते. आपल्या घरी संध्याकाळी सात वाजता दिवे, पंखे, दूरदर्शन, पाण्याचा पंप आणि मिक्सर एकदम सुरू होतात. दुकाने उजळतात, लोकलगाड्या गर्दीने धावतात. तेवढ्या तीनचार तासांत विजेची मागणी डोंगरासारखी चढते आणि रात्री उतरते. या डोंगराच्या माथ्याला कमाल मागणी म्हणतात. ३० मे २०२४ रोजी साऱ्या देशाची कमाल मागणी २,५०,००० मेगावॉटवर गेली होती. माथा वर्षातून थोडेच तास असतो. पण त्या थोड्या तासांसाठी यंत्रे मात्र बाराही महिने उभी ठेवावी लागतात.

कोळशाचे केंद्र म्हणजे कायम कामगार. ते संथपणे, अखंड चालते. थंड पडलेले बॉयलर तापवून पूर्ण भार घ्यायला त्याला अनेक तास लागतात. त्याला संध्याकाळी सहाला बोलावून रात्री दहाला घरी पाठवता येत नाही. म्हणून कमाल मागणीसाठी दुसरा गडी ठेवतात, तो बदली कामगार. आपल्यापैकी ज्यांनी गिरणीत किंवा रेयॉनमध्ये बदलीची नोकरी केली त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. गेटवर उभे राहायचे, जागा रिकामी झाली तर आत जायचे, नाहीतर डबा तसाच घेऊन परत यायचे. गॅसचे लहान केंद्र असेच असते. दहा ते तीस मिनिटांत ते पुऱ्या भाराने चालू शकते, म्हणून गेटवर उभे असते.

मौज अशी की, बदली कामगाराला उभे राहण्याचा पगार मिळत नाही, बदली केंद्राला मात्र तो मिळतो. वीज खरेदीच्या करारात दोन आकार असतात. एक इंधनाचा, जेवढी वीज तेवढा. दुसरा स्थिर आकार, यंत्र तयार ठेवल्याबद्दलचा. हा स्थिर आकार किती जड होऊ शकतो याचा धडा आपल्या राज्याने दाभोळला घेतला आहे. तेथील पहिला टप्पा १९९९ साली नाफ्त्यावर सुरू झाला आणि २००१ साली वीज मंडळाने ती महाग वीज घेणेच थांबवले. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे देणे लागतात, हे त्या वेळी खेड्यातल्या माणसालाही समजले. तो आकार शेवटी आपल्याच बिलात येतो. म्हणून पहिला हिशेब हा, की हे यंत्र वर्षातून किती तास चालणार आणि उरलेल्या तासांचे भाडे कोण भरणार?

आता यंत्राच्या पोटात शिरू. गॅस टर्बाइन म्हणजे जमिनीला बांधून ठेवलेले जेट विमानाचे इंजिनच. पुढून हवा ओढून ती दाबायची, दाबलेल्या हवेत गॅस जाळायचा, आणि त्या तप्त वायूच्या झोताने पाती फिरवून जनित्र चालवायचे. पाती फिरवून झाल्यावरही बाहेर पडणारा वायू पाचशे अंशांच्या घरात तापलेला असतो. तो तसाच धुराड्यातून सोडला तर इंधनाच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा, फार तर त्याहून थोडा अधिक, विजेत उतरतो. बाकीचा आकाशाला अर्पण होतो. हीच उष्णता बॉयलरला देऊन वाफ केली आणि त्या वाफेवर दुसरे टर्बाइन फिरवले, तर निम्म्याहून अधिक उष्णता कामी येते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच कोकणात आहे. मुंबई हायच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले. तेलाबरोबर वर येणारा वायू नुसता पेटवून देण्यापेक्षा त्याची वीज करावी हे शहाणपणाचे होते. उरणला १९८२ साली प्रत्येकी ६० मेगावॉटची गॅस यंत्रे सुरू झाली, पुढे प्रत्येकी १०८ मेगावॉटची चार आली. १९९०च्या दशकात या चारांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारी, प्रत्येकी १२० मेगावॉटची दोन वाफेची यंत्रे जोडली गेली. हिशेब करून पाहा. चार यंत्रे मिळून ४३२ मेगावॉट, आणि जो वायू पूर्वी नुसता बाहेर जात होता त्यातून आणखी २४०. एकूण ६७२. त्या २४० साठी जास्तीचा गॅस जाळावा लागत नाही. म्हणजे आधी आपण निम्म्याहून अधिक जोडकमाई फुकट सोडत होतो.

पण येथेच बदली केंद्राची गोम आहे. वाफेचा बॉयलर सावकाश तापतो. दोन तासांसाठी बोलावलेल्या यंत्राला ती चैन परवडत नाही. म्हणून कमाल मागणीचे लहान केंद्र बहुधा बॉयलरवाचून, उघड्या पद्धतीने बांधतात. त्यामुळे ‘गॅसचे केंद्र’ या एका नावाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात. एक युनिट वीज करताना कोळशाचे केंद्र सुमारे एक किलो कार्बन डाय-ऑक्साइड सोडते. वाफेची जोड दिलेले गॅस केंद्र सुमारे ४०० ग्रॅम सोडते. उघड्या पद्धतीचे केंद्र मात्र साडेपाचशे-सहाशे ग्रॅमपर्यंत जाते. माहितीपुस्तिकेत पहिल्या बहिणीचा फोटो दाखवून लग्न दुसरीशी लावायचा हा प्रकार आहे. दुसरी वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. फोटो खरा दाखवा एवढेच म्हणतो.

शिवाय गॅस जळण्यापूर्वीची गोष्ट वेगळीच. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यत्वे मिथेन. तो न जळता नळाच्या सांध्यातून निसटला तर वीस वर्षांच्या मुदतीत कार्बन डाय-ऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणजे विहिरीपासून धुराड्यापर्यंतच्या वाटेत थोडी जरी गळती राहिली, तरी कोळशावर मिळवलेला फायदा वाटेतच सांडतो. धुराडे मोजून भागत नाही, नळही मोजावा लागतो.

आता धुराविषयी. लोक म्हणतात, गॅसला राख नाही, काजळी नाही, गंधक जवळजवळ नाही. हे सर्व खरे आहे, आणि कोळशाच्या मानाने ही मोठीच सुटका आहे. आम्ही ती नाकारीत नाही. ठाकुर्लीला रेल्वेचे चोळा वीजघर होते. कोळशावरच्या त्या केंद्राची धुराडी आमच्या लहानपणी दुरून दिसत. वारा कोणत्या दिशेचा आहे हे त्यांच्या धुरावरून कळे. गॅसच्या धुराड्यावरून असे काही कळत नाही. वर पाहावे तर निळे आकाश. पण जे दिसत नाही ते नसते, असे मानण्याइतके आपण भोळे राहू नये.

आपण श्वासात घेतो त्या हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजन आहे. हा मोठा सोशीक वायू, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण टर्बाइनच्या ज्वालेत दीड हजार अंशांच्या वर उष्णता गेली की तोही पेटून उठतो आणि प्राणवायूशी संयोग पावून नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. म्हणजे हा विकार इंधनातून येत नाही, आपल्या हवेतूनच घडतो. इंधन कितीही शुद्ध असो, तो टळत नाही. ही ऑक्साइडे श्वासनलिकेला झोंबतात, दमेकऱ्याला छळतात. उन्हात त्यांच्यापासून ओझोन होतो, आणि हवेत राहून त्यांचेच सूक्ष्म कण बनतात. आकाशात वर असलेला ओझोन आपले रक्षण करतो, नाकापाशी आलेला ओझोन फुप्फुसे जाळतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. हवा आणि गॅस आधीच विरळ मिसळून ज्वाला थंड ठेवणारे बर्नर निघाले आहेत. पण हे बर्नर यंत्र स्थिर भारावर असतानाच नीट वागतात. यंत्र सुरू होताना, बंद होताना आणि अर्ध्यामुर्ध्या भारावर चालताना ज्वाला विझू नये म्हणून मिश्रण दाट करावे लागते. त्या वेळी ऑक्साइडे वाढतात, अर्धवट जळल्याने कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. धुराड्यात रासायनिक गाळणी बसवली तर तीही तापल्यावाचून काम करीत नाही. आता विचार करा, रोज सुरू आणि रोज बंद होणे हाच ज्या केंद्राचा धंदा, त्याच्या आयुष्यात या वाईट घटका किती यायच्या!

आणि त्या येणार केव्हा? संध्याकाळी. हिवाळ्याच्या संध्याकाळी उल्हास नदीच्या काठी हवा गार होऊन खाली बसते, वारा पडतो, चुलींचा, गाड्यांचा आणि कचऱ्याचा धूर वस्तीवर तरंगत राहतो. नेमक्या त्याच वेळी मुले अंगणात असतात आणि पहिल्या पाळीचा थकलेला माणूस दारात खुर्ची टाकून बसलेला असतो. पुस्तिका सांगेल की वर्षाची सरासरी मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. असेलही. पण वर्षाचा सरासरी पगार सांगून वाण्याची या महिन्याची उधारी फिटत नाही, तसे वर्षाची सरासरी सांगून संध्याकाळचा खोकला थांबत नाही. आम्हांला तासाचा आकडा हवा, आणि तोही यंत्र सुरू होतानाचा.

कायद्यातही एक गंमत आहे. १ जून १९९९ नंतरच्या गॅस टर्बाइनांना आपल्याकडे नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा घालून दिली आहे. ४०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या केंद्राला दहा लाख भागांत ५० भाग. १०० ते ४०० मेगावॉटला ७५. आणि १०० मेगावॉटहून लहानाला १००. म्हणजे केंद्र जितके लहान तितकी मुभा जास्त. मोठ्याला महाग उपाय परवडतात, लहानाचा एकूण धूर कमी, हा यामागचा विचार असावा. तो समजण्यासारखा आहे. पण मोठी केंद्रे बहुधा गावाबाहेर असतात, आणि लहान केंद्र लहान म्हणूनच वस्तीजवळ आणता येते. ज्याला अधिक मुभा तोच शेजारी, असा त्याचा अर्थ होतो.

येथे आम्हांला आमचाच एक दोष सभेपुढे कबूल करावयाचा आहे. तो कबूल केल्यावाचून हे व्याख्यान देण्याचा आम्हांस अधिकार नाही.

२००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. या पट्ट्यातल्या एका कारखान्यात आमची युनियन होती; नाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. वीज गेली की तेथे डिझेलची जनित्रे लावीत. विचार केला तर तेही कमाल मागणीचे वीजकेंद्रच, सर्वांत लहान. त्याचे धुराडे छपराच्या जेमतेम वर होते, आणि धूर खिडक्यांतून परत खात्यात येई. जनित्रापाशी एक बदली कामगार असे. त्याने आमच्याकडे तक्रार आणली. आम्ही ती व्यवस्थापनाकडे नेली. धुराडे उंच करणे आणि जनित्र हलवणे खर्चाचे होते. फार ताणले तर खातेच बंद करू, असे उत्तर आले. दोन बैठका झाल्या. शेवटी आम्ही काय मिळवले? दर महिन्याला काही रुपयांचा भत्ता. कामगार त्याला ‘धुराचा भत्ता’ म्हणत. गेटसभेत आम्ही तो विजय म्हणून जाहीर केला. टाळ्या पडल्या. तो बदली कामगारही टाळ्या वाजवीत होता.

चार वर्षांनी त्याला जिना चढवेना. त्याचा दमा त्या धुरानेच झाला असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तो विडी ओढत नसे एवढे ठाऊक आहे. त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याने आम्हांला दोष दिला नाही. ‘भाऊ, भत्ता वेळेवर मिळत होता,’ एवढेच तो म्हणाला. त्या वाक्याने आमची झोप उडाली ती पुरी अजून आलेली नाही. आम्ही त्याची फुप्फुसे विकली होती, आणि भावही धड मिळवला नव्हता.

धूर म्हणजे भाकरी, हे समीकरण आमच्या पिढीच्या रक्तात आहे. धुराडे पेटलेले असले की गावाला धीर येतो, आणि ते विझले की काय होते ते मोहन्याला कोणी शिकवायला नको. म्हणून कारखाना येतो म्हटले की आमचा पहिला उद्गार असतो, येऊ द्या. आम्ही आजही म्हणतो, येऊ द्या. पण अटीवर येऊ द्या. आणि अट घालताना पोकळ आशा बाळगू नका. गॅसचे लहान केंद्र उभारताना शेकडो हात लागतात. उभे राहिल्यावर ते मूठभर माणसे आणि पुष्कळशी बटणे यांवर चालते. तेव्हा कोणी पाचशे नोकऱ्यांचे गाजर दाखवले तर उभारणीच्या किती आणि कायमच्या किती, हे लिहून मागा.

कोणी विचारील, मग संध्याकाळची वीज आणायची कोठून? अंधारात बसायचे काय? १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई-ठाण्याची वीज गेली तेव्हा लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. अंधाराची किंमत आम्ही जाणतो. पण उपाय एकच नाही. आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्याच्या कडेला घाटघरचे केंद्र आहे. २००८ पासून २५० मेगावॉटचे. वीज स्वस्त असते तेव्हा खालचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर चढवायचे आणि संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. चढवायला चार युनिटे खर्चली तर साधारण तीन परत मिळतात. एकाचा तोटा होतो, पण धुराडे नाही. कोयना तर पिढ्यान्‌पिढ्या राज्याचा संध्याकाळचा भार वाहत आली आहे. धरणालाही किंमत असते. ज्यांची जमीन पाण्याखाली जाते त्यांना ती विचारा. दिवसा सूर्याची वीज मुबलक होऊ लागली आहे, ती संध्याकाळपर्यंत बॅटरीत धरून ठेवणेही वर्षागणिक स्वस्त होत आहे. गॅसचे केंद्र यांच्या रांगेत उभे राहू द्या, शेवटी. आधी पाणी, मग साठवलेले ऊन, आणि त्यानेही भागले नाही तर गॅस. देशात गॅसची यंत्रे आधीच उभी आहेत, २०२४ साली ती सुमारे २५,००० मेगावॉटची होती, आणि गॅस महाग म्हणून त्यांतली बरीच निजलेली असतात. २०२४च्या मे-जूनमध्ये सरकारला कायद्याचे कलम लावून त्यांना उठवावे लागले. निजलेले उठवता येत असताना नवे जन्माला घालण्याचे कारण मागितलेच पाहिजे.

दुसरा उपाय मागणीचाच डोंगर कापण्याचा. कारखान्यांना आज वेळेप्रमाणे वेगळा दर लागतो. संध्याकाळी महाग, इतर वेळी कमी. कल्पना चांगली आहे. पण दर बदलला की पाळी बदलते, आणि पाळी बदलताना कामगाराला कोणी विचारीत नाही. ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती लढाई वेळेवरच्या हक्काची होती. विजेचा डोंगर कापायचा तर जरूर कापू. पण तो मालकाच्या बिलातून कापावा, कामगाराच्या झोपेतून नव्हे. म्हणून विजेच्या दराचा प्रश्न हा आजच्या कामगार चळवळीचा प्रश्न आहे, असे आमचे ठाम मत आहे.

तात्पर्य, असले केंद्र आपल्या शिवेवर आले तर काय विचारावे? वर्षातून किती तास आणि किती वेळा सुरू होणार? वाफेची जोड आहे की उघडे आहे? सुरू होतानाच्या तासाचा धूर किती, आणि तो मोजणारे यंत्र गावाला दिसेल असे चौकात लावणार का? गॅसची गळती कोण तपासणार? चालले नाही तर भाडे कोण भरणार? आणि कायमच्या नोकऱ्या किती? या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली तर सहीला आमचा हात पुढे होईल. ती मिळाली नाहीत, आणि त्यांच्या जागी कोणी शाळेला पंखे, देवळाला कळस किंवा घराघराला महिन्याचे काही रुपये देऊ केले, तर मोहन्याच्या लोकांनो, त्या पैशाचे नाव आम्ही आधीच सांगून ठेवले आहे. तो धुराचा भत्ता आहे. आम्ही तो एकदा घेतला. आपण घेऊ नये.